मामांची जोंगा: आरसीवर पेट्रोल, बॉनेटखाली डिझेल

गाडी १९७८ ची, मामांच्या नावावर लागली १९९५ ला आणि माझा तिला हात लागला २०२२ च्या दिवाळीत. मध्ये जे काय झालं ते सगळं सविस्तर लिहितोय, कारण आर्मीतून निघालेली जुनी गाडी घरात असलेल्या बऱ्याच जणांचं दुखणं हेच आहे, आरसी बुकात एक इंजिन आणि गाडीत दुसरंच, आणि ते निस्तरायचं कसं हे कुणी धड सांगत नाही.

आधी गाडीबद्दल थोडं. जोंगा ही आर्मीची जीपसारखी फोर बाय फोर गाडी, जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली याची आद्याक्षरं जुळवून केलेलं नाव. मूळ गाडी निसानची ६० सिरीजची पेट्रोल नावाची नाही, पॅट्रोल नावाची, लोक हमखास गोंधळतात. जपानमध्ये ती १९६० ते १९८० बनत होती, आपल्याकडे लायसन्सवर जबलपूरच्या व्हेईकल फॅक्टरीत १९६९ पासून बनायला लागली आणि १९९९ ला बंद झाली. इंजिन ३,९५६ सीसी, सहा सिलिंडर एका रांगेत, पेट्रोल, साधारण ११० हॉर्सपॉवर. बोअर म्हणजे सिलिंडरची रुंदी ८५.७ मिमी आणि स्ट्रोक म्हणजे पिस्टनची धाव ११४.३ मिमी, म्हणजे पिस्टन रुंदीच्या मानानं खूप लांब धावतो, म्हणूनच ही गाडी पळायला साधारण पण ओढायला राक्षस, चिखलात नुसत्या आयडलवर क्लच सोडला तरी मुकाट चालायला लागते. २०१९ ला धोनीनं एक जोंगा घेतली तेव्हा बऱ्याच लोकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं, पण आमच्या सातारा जिल्ह्यात घरटी फौजी, तिथं जोंगा म्हणजे काय हे पोराटोरांनाही माहीत होतं.

मामा स्वतः फौजी नाहीत, शेतकरी. कराडजवळ गाव, ऊस आणि थोडी हळद. एका कॉन्ट्रॅक्टरनं आर्मीच्या लिलावात गाड्यांचा लॉट घेतला होता त्यातली ही एक मामांनी उचलली, रीतसर पासिंग करून घेतलं, आणि आठ वर्षं चालवली. लिटरला चार, फार तर पाच किलोमीटर. २००३ ला मामांनी वैतागून पेट्रोल इंजिन उतरवलं आणि एका जुन्या पिकअपचं डिझेल इंजिन बसवून घेतलं. त्या काळात सगळेच हे करत होते, पाच जोंगांमधल्या चार तरी मी डिझेलच बघितल्यात. नोंद कुठंही केली नाही. १५ वर्षांचं रजिस्ट्रेशन २०१० ला संपलं, तोवर गाडी मळा ते घर एवढीच चालत होती, त्यामुळे कुणाला गरज वाटली नाही.

दिवाळीत मामा म्हणाले, "घेऊन जा लेका, हितं गंजून जाईल. पर इकायची न्हाय."

मला वाटलं होतं की रंगरंगोटी करायची, ब्रेक करायचे, रिन्यूअल करायचं, झालं. पहिल्या रविवारी आरसी बुक घेऊन गाडीखाली शिरलो आणि तिथंच विषय संपला. बुकात इंधन पेट्रोल, इंजिन नंबर पेट्रोल इंजिनाचा. बॉनेटखाली चार सिलिंडरचं डिझेल, ज्याचं बिल नाही, नेमक्या कुठल्या पिकअपचं ते माहीत नाही, त्या पिकअपचं काय झालं ते माहीत नाही. आणि हे इंजिन बसवणाऱ्यानं माउंटिंगसाठी चॅसिसच्या पट्टीवर लोखंडी तुकडे वेल्ड केलेले, त्यातला एक चॅसिस नंबरच्या इतका जवळ की शेवटचे दोन आकडे वेल्डिंगच्या थेंबांखाली गेलेले.

इथं जरा थांबतो, कारण लोक जुनी मिलिटरी गाडी बघायला जातात तेव्हा आधी इंजिनाचा आवाज ऐकतात, फोर बाय फोर लागतो का बघतात, पत्रा ठोकून बघतात. माझं मत विचाराल तर ते सगळं नंतर. इंजिन परत बांधता येतं, पत्रा नवा मारता येतो, बुश बदलता येतात. चॅसिसवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर जुळत नसेल तर ती गाडी रस्त्याच्या दृष्टीनं गाडीच नाही. तिकडे हरियाणात मंडी डबवालीला जुन्या आर्मी पार्टांमधून आख्ख्या जीपा उभ्या राहतात, त्यातली गाडी कितीही देखणी असली तरी कागद कुठल्या चॅसिसचे हा प्रश्न आधी विचारायचा.

तर आमच्यापुढं तीन रस्ते होते. पहिला, आहे तशी विकून टाकायची. घेणारे होते, एकानं तर फोटो बघूनच आकडा सांगितला, पण मामांचा शब्द होता त्यामुळे तो रस्ता बंद. दुसरा, डिझेल इंजिन ठेवायचं आणि त्याची नोंद करून घ्यायची. तिसरा, पेट्रोल परत बसवायचं.

दुसऱ्या रस्त्यावर मी दोन महिने घालवले. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकानं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा आरसीतले तपशील वेगळे होतील असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं या कलमाचा अर्थ आणखी कडक करून सांगितला. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं इंजिन बदलायचं तर परवानगीचा रस्ता आहे, पण पेट्रोलचं डिझेल, तेही बिनबिलाचं, दुसऱ्याच कंपनीचं? एजंट लोक म्हणत होते होईल, बघू, करू. एकानं सांगितलं की फॅक्टरीनं १९९६ ला डिझेल जोंगा काढलीच होती, त्याच्या जोरावर करून घेऊ. ती गोष्ट खरी आहे, सिव्हिलियन लोकांसाठी डिझेल जोंगा आली होती आणि अगदी थोड्या खपल्या, पण तिचं इंजिन वेगळं, आणि आमची गाडी १९७८ ची. १९९६ च्या गाडीचा दाखला देऊन १९७८ च्या गाडीत पिकअपचं इंजिन कायदेशीर कसं होणार? मी नाही म्हणलं. कागदावर एक खोटं लपवायला दुसरं खोटं लिहून घ्यायचं तर मग आहे तेच काय वाईट होतं.

राहिला तिसरा रस्ता. जबलपूरच्या एक टनी निसान ट्रकलाही याच कुळातलं इंजिन यायचं, म्हणून मी त्याचा शोध सुरू केला, दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारापर्यंत फोन झाले. आणि एक दिवस मामांशी बोलता बोलता सहज विचारलं की जुनं इंजिन भंगारात कितीला गेलं होतं. मामा म्हणाले, "गेलं कुठं? गोठ्यात हाय की."

म्हणजे दोन महिने मी जे शोधत होतो ते वीस वर्षं वैरणीच्या मागं, युरियाच्या पोत्यांखाली पडून होतं. मामांनी ते विकलं नव्हतं कारण लिलावातल्या गाडीचा भाग आहे, उद्या कोणी विचारलं तर असावा, एवढाच त्यांचा विचार. या एका गोष्टीवर सगळं प्रकरण फिरलं.

त्या दिवशीचा अर्धा तास मला अजून जसाच्या तसा आठवतो. पोती काढली, ब्लॉकवर शेण, माती आणि तेल मिळून बोटभर जाड थर बसलेला. पत्र्याच्या पट्टीनं खरवडला, मग डिझेलनं धुतला, मग बारीक एमरी पेपर हलक्या हातानं, जोर लावायचा नाही कारण नंबर उथळ असतो आणि घासला तर कायमचा जातो. तरी आकडे नीट दिसेनात. मामी चुलीपाशी होत्या, त्यांनी नातवाचा पाटीवरचा खडू आणून दिला. खडू आडवा घासला आणि वरचा कपड्यानं पुसला की खोलगट जागेत पांढरं राहतं, एकेक आकडा वर आला. आरसी बुक शेजारी धरलं. सगळे आकडे जुळले, एक सोडून. ब्लॉकवर १ आणि बुकात ७, किंवा बुकात १ च पण लिहिणाऱ्यानं वर एवढा झोकदार फर्राटा मारलेला की तो ७ वाटावा. १९९५ चं बुक, हातानं लिहिलेलं.

आता हा एक फर्राटा किती महागात पडू शकतो बघा. हातानं लिहिलेल्या जुन्या बुकांची माहिती सरकारच्या वाहन पोर्टलवर नसते, रिन्यूअलच्या आधी बॅकलॉग एंट्री करून, म्हणजे जुनी माहिती सिस्टीममध्ये चढवून घ्यावी लागते. तिथं ७ पडला असता तर इंजिनावर १ आणि सिस्टीममध्ये ७, आणि पुढं आयुष्यभर दुरुस्तीचे अर्ज. म्हणून मूळ कागद बघणं भाग होतं. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ४७ मध्ये स्पष्ट आहे की आर्मीतून निघालेल्या गाडीच्या नोंदणीला संबंधित अधिकाऱ्यांनी फॉर्म २१ मध्ये दिलेलं मूळ सेल सर्टिफिकेट जोडावं लागतं. म्हणजे १९९५ च्या फाईलमध्ये ते असणारच. अर्ज केला, फाईल निघाली, आणि त्यात टाईपरायटरवर टाईप केलेलं सर्टिफिकेट. टाईप केलेला १ हा १ च असतो. त्याची सर्टिफाईड कॉपी मिळाली तेव्हा पहिल्यांदा वाटलं की गाडी रस्त्यावर येणार. तुमच्याकडं अशी गाडी असेल आणि फॉर्म २१ ची कॉपी घरात नसेल तर बाकी सगळं सोडून आधी ती मिळवा.

चॅसिसचं काम त्यामानानं सोपं. वेल्डिंगचे तुकडे ग्राइंडरनं कापले पण नंबरच्या बाजूचे थेंब हातानं, बारीक कानशीनं, दोन संध्याकाळ लागल्या. नंबर पूर्ण निघाला. पेन्सिल प्रिंट घेतली, म्हणजे पट्टीवर कागद धरून पेन्सिल आडवी घासायची, इन्स्पेक्शनच्या वेळी ती लागतेच.

इंजिन जाम होतं. प्लग काढून सहाही सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइलचं पातळ मिश्रण ओतलं, आठ दिवस तसंच, रोज थोडं थोडं भरायचं. नवव्या दिवशी क्रँकच्या नटावर लांब पाना लावून एकदा पुढं एकदा मागं असं करत करत सुटलं. स्टार्टर मारून किंवा गाडीला बांधून ओढून जाम इंजिन सोडवायला जाऊ नका, कनेक्टिंग रॉड वाकतो. उघडल्यावर चार आणि पाच नंबरच्या सिलिंडरला गंजाचे खड्डे, बाकी बरे. सगळे बोअर केले, ओव्हरसाईज पिस्टन मिळायला चार महिने गेले आणि सगळ्यात जास्त पैसेही तिथंच गेले. मशीन शॉप, पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट मिळून दीड लाखाच्या आसपास.

दोन गोष्टी अशा आहेत ज्या १९७८ ला नव्हत्या आणि आता इंजिन बांधताना धरायलाच पाहिजेत. एक, शिशाचं पेट्रोल. ते आपल्याकडं १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं. या इंजिनाचं डिझाईन शिशाच्या काळातलं, शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर गादीसारखं काम करायचं, ते गेलं की सीट हळूहळू आत खचते, टॅपेटचा गॅप कमी कमी होत जातो आणि एक दिवस व्हॉल्व्ह बसायचाच थांबतो. हेड उघडलंच होतं तर एक्झॉस्टला कडक सीट टाकून घेतल्या. दुसरं, इथेनॉल. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. जुने रबरी पाईप, पंपाचा डायाफ्राम, कार्बोरेटरच्या आतले सील यांना ते मानवत नाही, फुगतात नाहीतर चिरतात. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, गाडी महिनाभर उभी राहिली आणि टाकीत पाणी शिरत राहिलं तर ते थर होऊन खाली बसतं. सगळे पाईप इथेनॉल चालणारे टाकले, टाकी आतून साफ केली, आणि कार्बोरेटरचा मेन जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं मुख्य भोक, किंचित मोठा केला कारण या पेट्रोलवर मिश्रण पातळ पडतं आणि इंजिन तापतं. गाडी वापरात नसेल तर टाकी अर्धी ठेवू नका, एकतर भरलेली ठेवा नाहीतर रिकामी.

पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा चालू झालंच नाही, उलट कार्बोरेटरमधून फाडकन आवाज आणि जाळ. वायरी तपासल्या, फायरिंग ऑर्डर म्हणजे सिलिंडर पेटायचा क्रम १-५-३-६-२-४, बरोबर होती. मग लक्षात आलं की प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर १८० डिग्रीनं उलटा बसलाय. एक नंबरचा पिस्टन वर आला की टायमिंगची खूण जुळते, पण तो दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टला, आणि आम्ही एक्झॉस्टवाला धरला होता. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन हातानं फिरवायचं, हवा अंगठा ढकलते तो खरा. उचलून फिरवून परत बसवला आणि दुसऱ्या सेल्फला सुरू. डिझेलची खडखड ऐकायची वीस वर्षांची सवय झालेली, हा सहा सिलिंडरचा मऊ आवाज आल्यावर मामा उठून बॉनेटपाशी आले आणि बराच वेळ नुसते उभे राहिले.

रंगाचं प्रकरण वेगळंच. गाडी ऑलिव्ह ग्रीन होती, मामांनी कधीतरी हौसेनं परत मारलेला. मलाही तोच ठेवायचा होता, कोणाला नसतो? पण नियम १२१ म्हणतो की संरक्षण खात्याच्या गाड्यांशिवाय कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग चालणार नाही. आरसीत रंग ग्रे. मग ग्रेच. पत्रा खरवडताना मात्र एक गोष्ट सापडली. पुढच्या बंपरवर मामांचा हिरवा, त्याखाली पासिंगचा ग्रे, त्याखाली आर्मीचा मूळ हिरवा आणि त्यावर पांढऱ्या रंगात वर तोंड केलेला बाण, पुढं ७८. आर्मीच्या नंबरात बाणानंतरचे दोन आकडे गाडी घेतल्याचं वर्ष सांगतात. पुढची अक्षरं आणि आकडे अर्धवट राहिलेले. फोटो काढून ठेवले, आणि मग त्यावर प्रायमर मारताना हात जड झाला हे खरंय. सीटच्या मागं आतल्या पत्र्यावर तळहाताएवढा मूळ रंगाचा तुकडा मी खरवडलाही नाही आणि रंगवलाही नाही, बाहेरून दिसत नाही तो.

काही जण म्हणाले की आणखी थोडी वर्षं थांब, ५० वर्षं झाली की व्हिंटेजमध्ये टाक. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, २०,००० रुपये फी, १० वर्षांसाठी, व्हीए अक्षरांचा नंबर. पण ती गाडी मग रोजच्या रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यापुरतीच. मामांची गाडी मळ्यात जाणार, पाव्हण्यांकडं जाणार, आम्हाला ते नको होतं. साधं रिन्यूअलच करायचं ठरलं, फॉर्म २५. आमच्या वेळी फी ५,००० होती, १ एप्रिल २०२२ ला ६०० वरून वाढलेली, वर उशिराचा दंड, पर्यावरण कर, थर्ड पार्टी इन्शुरन्स. पीयूसीला जरा अडलं, या जुन्या चारचाकींना आयडलला कार्बन मोनॉक्साईड ३ टक्क्यांच्या आत आणि हायड्रोकार्बन १,५०० पीपीएमच्या आत लागतं, आमचा पहिला आकडा त्याच्या वर गेला. जेट मोठा केल्याचा परिणाम आयडलवर नव्हता, आयडलचा मिक्स्चर स्क्रू जास्त उघडा होता. अर्धा फेरा आत घेतला, इंजिन नीट गरम होऊ दिलं, मग पास.

इन्स्पेक्शनला निरीक्षक साहेबांनी स्वतः वाकून दोन्ही नंबर बघितले, पेन्सिल प्रिंट लावून बघितली, फॉर्म २१ ची कॉपी वाचली आणि विचारलं की हे मूळ इंजिन मिळालं कुठं. गोठ्यात, म्हणलं. हसले आणि सही केली.

ब्रेकचं राहिलं. चारही चाकांना ड्रम. व्हील सिलिंडर, म्हणजे चाकातले ब्रेक दाबणारे, जुनेच पण सगळ्यांना नवीन किट, ड्रम लेथवर टर्न केले, लायनिंग नवीन. तरीही या गाडीत घाट उतरताना एक लक्षात ठेवायलाच लागतं, ड्रम तापला की फाकतो, लायनिंगची पकड जाते, पेडल घट्ट लागतं पण गाडी थांबत नाही. मामांच्या गाडीला तीनच गिअर, त्यामुळे दुसऱ्यातच उतरायचं, लांब स्ट्रोकचं इंजिन मागून धरून ठेवतं. डिझेलवाल्या काळात मामांना ही सवय राहिली नव्हती. पासिंगनंतर पहिला लांबचा प्रवास कुंभार्ली घाटाचा केला, कराडहून पाटण, कोयनानगर आणि खाली चिपळूण. मी चालवत होतो, मामा शेजारी. वरच्या पहिल्या वळणालाच मामा म्हणाले, "दुसरा टाक आणि पाय काढ." पूर्ण घाट दुसऱ्यात उतरलो, ब्रेक वळणापुरता, दाबायचा आणि सोडायचा, धरून ठेवायचा नाही. खाली उतरून चारही ड्रमजवळ हात नेऊन बघितला. तीन सारखे कोमट, मागचा डावा जास्त गरम आणि आतल्या बाजूनं ओलसर. चाक काढलं तर किट नवीन असूनही व्हील सिलिंडर पाझरत होता, बोअरला आतून बारीक ओरखडा. तिथंच नवा किट टाकून भागवलं नाही, जाताना सावकाश गेलो आणि आता आख्खा सिलिंडर मागवलाय.

गाडी अजून मामांच्याच नावावर आहे. मी विचारलं ट्रान्सफरचं, तर म्हणाले दसरा होऊ दे. दसऱ्याला गाडीची पूजा मालक म्हणून त्यांनाच करायचीय, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्यानंतर.